फळीवरचा शिरा

ज्या पाटावर मी शिऱ्याची वाटी ठेवली, तो पाट नव्हता. हे मला कळेपर्यंत मी त्याच्यावरचा बर्फ झाडून टाकला होता, कोपरे फडक्यानं पुसले होते आणि चिकटून राहिलेल्या कणांवर तांब्याभर कोमट पाणीही ओतलं होतं. सत्यनारायणाला बसावं इतका तो लख्ख दिसत होता.

कोरोनाचा दुसरा हिवाळा होता. नेदरलँड्समध्ये आम्ही गुडघाभर बर्फात राहतो, अशी आमच्या पुण्याच्या नातेवाइकांची समजूत आहे. मीही ती कधी मोडून काढली नाही. परदेशात राहिल्याचा तेवढाच रुबाब. प्रत्यक्षात बेस्ट हे आइंडहोवनला चिकटलेलं गाव, आणि तिथे हिवाळाभर पडतो तो पाऊस, तोही आडवा. धड बर्फ आम्ही आठ वर्षांत पाहिला नव्हता. त्या रविवारी उठलो तर बाहेर सगळं पांढरं. बायकोनं त्या आनंदात शिरा केला. आनंद झाला की शिरा आणि काळजी वाटली की शिरा, असा आमच्या घरचा नियम आहे, आणि त्या वर्षी काळजीला काही तोटा नव्हता.

"शेजारी देऊन ये," ती म्हणाली. "एकटे आहेत बिचारे. आणि जातोच आहेस तर त्यांची वाटही झाडून दे. पडले-बिडले तर कोण बघणार?"

शेजारी म्हणजे आमचे घरमालक. रांगेतल्या दोन घरांपैकी एकात ते राहायचे, दुसऱ्यात आम्ही भाडेकरू, मध्ये कमरेएवढं कुंपण. वय सत्त्याहत्तर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली.

म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या दारापुढचा बर्फ झाडून देणं हा तिथला रिवाजच आहे. पण तो रिवाज दारापुढचा. मी मागच्या फाटकातून त्यांच्या बागेत शिरलो, वाट झाडली आणि मग हात थांबेना. अंगण झाडायला घेतलं की निम्मं सोडायचं नाही, हे लहानपणीच अंगात मुरलेलं. मी हिरवळही झाडली. मध्यभागी झाडू कशाला तरी अडला. बघतो तर हातभर लांबीरुंदीची, पांढऱ्या रंगाची लाकडी फळी, गवतात अगदी सपाट बसवलेली. पक्ष्यांना दाणे टाकायची जागा असेल, किंवा म्हाताऱ्याला पाय पुसायला. तिचा मी वर सांगितल्याप्रमाणे उद्धार केला, झाकण घातलेली वाटी तिच्यावर ठेवली आणि दार वाजवायला निघालो.

वाजवावं लागलं नाही. बरोबर नऊ वाजता दार उघडलं. लोकरीची टोपी, जाड कोट, आत टाय, आणि हातात एक लाकडी पट्टी, तलवारीसारखी उभी धरलेली. त्यांनी वाट पाहिली. हिरवळ पाहिली. फळी पाहिली. फळीवरची वाटी पाहिली.

"किती होता?" त्यांनी विचारलं.

"दोन डाव असेल," मी म्हणालो. "साजूक तुपातला आहे."

"बर्फ. फळीवर बर्फ किती होता?"

मी अंगठा आणि तर्जनी फाकवून दाखवलं, मंडईत भेंडी केवढी हवी ते दाखवतात तसं. त्यांनी माझ्या दोन बोटांमधल्या हवेकडे पाहिलं. पट्टी घेऊन ती हवा मोजायला ते दोन पावलं पुढेही आले, मग दीड मीटरचा नियम आठवून थांबले.

आमच्या घरात त्यांचं नाव 'सेंटीमीटर' होतं. बायकोनं ठेवलेलं. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं आणि ते रागावले की डचमध्ये. माझी डच भाषा सुपरमार्केटच्या पाट्यांपुरती असल्यामुळे त्यांचा राग माझ्यापर्यंत फारसा पोचत नसे. भाडेकरू म्हणून मी टिकलो तो यामुळेच.

हवामान खात्याचे ते स्वयंसेवक होते. रोज सकाळी नऊ वाजता बागेतल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, बर्फ असेल तर बर्फ मोजायचा, वहीत लिहायचं आणि खात्याला कळवायचं. हिवाळ्यात नऊला, उन्हाळ्यात दहाला, कारण घड्याळं पुढे सरकवण्याचा सरकारी निर्णय पावसाला मान्य नाही, असं ते म्हणायचे. चौतीस वर्षं हे चाललं होतं. वर्षाला एक याप्रमाणे चौतीस वह्या, आणि त्यांत एकही कोरी ओळ नाही. हे ते सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज किंचित खाली यायचा, आपल्याकडे 'आमच्या घराण्यात सात पिढ्या' म्हणताना येतो तसा. कधी आजारी पडले तर बायको मोजायची. ती गेल्यापासून एक रात्रही ते घराबाहेर राहिले नव्हते. सुट्टीला कुठे जाता, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बागेत."

नोकरीही त्यांनी स्वभावाला शोभेल अशीच केली होती. एका दिव्यांच्या कारखान्यात, नवीन बनवलेले दिवे बंद पडेपर्यंत जळत ठेवायचे आणि कुठला किती तास टिकला ते लिहून ठेवायचं. "मी चाळीस वर्षं वाट बघण्याचा पगार घेतला," असं ते म्हणायचे. दिवा गेला की वाईट वाटायचं का, असं मी विचारलं. "नाही. चुकीच्या वेळेची नोंद झाली तर वाटायचं."

घर भाड्यानं घेताना आमच्या करारात कुत्र्यामांजरांबद्दल एक ओळ होती आणि 'उंच वस्तूं'बद्दल पानभर मजकूर. मापकापासून कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर असली पाहिजे, नाहीतर पावसाला आडोसा होतो. बायकोनं पहिल्या उन्हाळ्यात चादरी वाळत घातल्या तर ते टेप घेऊन हजर. दोरी चाळीस सेंटीमीटर सरकवावी लागली. मग त्यांनी मलाही नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुझी उंची?"

"एक मीटर अडुसष्ट."

"मग नऊ वाजता तू तीन मीटर छत्तीसवर उभा राहा."

पुढे सरकारनं सगळ्या देशाला दीड मीटर लांब उभं राहायला सांगितलं तेव्हा लोक वैतागले. मला ती सवलत वाटली.

बर्फ मोजणाऱ्यांचा एक नियम आहे. जमीन निम्म्याहून जास्त झाकली असेल तरच 'आच्छादन' म्हणायचं. त्याहून कमी असेल तर 'तुटक' लिहून मोकळं व्हायचं, सेंटीमीटर द्यायचे नाहीत. हा नियम समजावून सांगताना त्यांनी उदाहरणासाठी इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं. "तुटक," ते म्हणाले. माझी लेक तेव्हा शेजारी उभी होती. पंधरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं पण उत्तर डचमध्ये देते. ती हसून हसून कुंपणाला टेकली. तेव्हापासून आमच्याकडे केस कापून आलो की 'तुटक' जाहीर होतं.

आणि माझ्या धंद्याचा तर त्यांना मनापासून धसका होता. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे काम सुरू करण्याआधी ते किती दिवस चालेल याचा आकडा सांगावा लागतो, आणि तो कोणालाच माहीत नसतो, म्हणून सगळे मिळून ठरवतात. हे मी त्यांना एकदा सांगून बसलो.

"मोजल्याशिवाय आकडा?"

"अंदाज म्हणायचं त्याला."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "अंदाज घरात बसलेल्या माणसांसाठी असतो."

मी वर्क फ्रॉम होमवाला.

तर अशा माणसाची फळी मी झाडून बसलो होतो. वर तोंड करून विचारलंही, की इतकं काय झालं, फळी तुम्हीही पुसताच ना? आणि खरंच, मोजून झाल्यावर ते स्वतःच ती साफ करायचे, म्हणजे उद्या तिच्यावर जे असेल ते फक्त नव्यानं पडलेलं. मी केलं होतं ते त्यांचंच काम, फक्त वीस मिनिटं लवकर.

"माणूस मेल्यावर पुरतात," ते म्हणाले. "तेही वीस मिनिटं लवकर करून चालत नाही."

मग ते कामाला लागले. त्यांच्या बागेत मी मोजण्याजोगं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. त्यांनी कुंपणावरून आमच्या बागेकडे पाहिलं. तिथे बर्फ जसाच्या तसा होता, कारण पंधरा वर्षांची मुलगी रविवारी सकाळी नऊला बागेत असण्याची शक्यता शून्य. फाटकातून फिरून ते आमच्याकडे आले. मला दारापाशी उभं केलं, अंतर नजरेनं तपासलं आणि गुडघ्याखाली रबरी गादी घेऊन बसले.

बर्फ मोजणं म्हणजे पट्टी खुपसायची आणि आकडा वाचायचा, असं मला वाटत होतं. तसं नसतं. त्यांच्या पट्टीचं टोक करवतीनं कापलेलं होतं, कारण आपल्या शाळेच्या पट्टीवर शून्याच्या आधी जी बोटभर नाही पण नखभर जागा असते, तेवढा बर्फ मोजायचाच राहून जातो. कुंपणाजवळ मोजायचं नाही, तिथे वारा बर्फाचे ढीग लावतो. झाडाखाली मोजायचं नाही, तिथे कमी पडतो. पट्टी सरळ उभी, जमिनीला टेकेपर्यंत. पण गवतात रुतवायची नाही. डोळा बर्फाच्या पातळीला आणायचा, म्हणजे सत्त्याहत्तराव्या वर्षी गाल जवळजवळ जमिनीला लावायचा. आणि हे एकदा नाही, दहा ठिकाणी. मग दहांची सरासरी.

"नऊ," शेवटी ते म्हणाले. उठायला त्यांना वेळ लागला. हात द्यावासा वाटला, पण तीन मीटर छत्तीस.

वही त्यांच्या कोटातच होती. त्यांनी आकडा लिहिला आणि मग शेऱ्याच्या रकान्यात डचमध्ये तीन ओळी भरून काहीतरी लिहिलं. लिहिताना दोनदा माझ्याकडे पाहिलं. आपल्या नावानं काय लिहिलंय हे ओळखायला भाषा यावी लागत नाही.

जाताना ते वाटी घेऊन गेले. वाटी स्टीलची, आणि तिच्यावर माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेलं. लग्नात दिलेल्या सेटातली. संध्याकाळी कुंपणावरून आवाज आला: "शिरा चांगला होता. वाटीत एकशे त्रेचाळीस मिलिलिटर मावतं."

वाटी परत आली नाही. मापकात बर्फ साठला की तो वितळवायला मोजून कोमट पाणी घालायचं असतं, मग एकूण पाण्यातून तेवढं वजा करायचं. त्यासाठी त्यांना माझ्या सासूबाईंची वाटी फारच पसंत पडली होती. बायको रोज विचारायची, "वाटी?" मी रोज म्हणायचो, "वापरात आहे."

बुधवारी त्यांचा फोन आला. आवाज खरखरीत.

"चाचणी केली. आहे. मी बाहेर पडायचं नाही. उद्या नऊला तू."

"मी?" मी म्हणालो. "गावात दुसरं कोणी नाही का? मी तर फळी..."

"म्हणूनच तू. ज्यानं एकदा झाडली तो पुन्हा झाडणार नाही. बाकीच्यांनी अजून झाडायची आहे."

थंडी कडाक्याची असल्यामुळे पडलेला बर्फ तसाच होता, आणि तो असेपर्यंत रोज मोजायचा होता. नऊ वाजता आमची ऑफिसची रोजची मीटिंगही असते. गुरुवारी सकाळी मी कानात यंत्र घालून आमच्याच, न झाडलेल्या बागेत गुडघ्यावर होतो. शेजारी त्यांच्या वरच्या मजल्याच्या खिडकीत सेंटीमीटर, अंगात पायजमा, गळ्यात टाय, डोळ्यांना दुर्बीण. एका कानात आम्स्टरडॅमचा मॅनेजर, दुसऱ्या कानाला लावलेल्या बायकोच्या फोनवर ते.

"पट्टी वाकडी आहे."

"सरळ आहे."

"चार अंश डावीकडे. तुझं पोट आड येतंय."

मॅनेजरनं विचारलं, हे काम संपायला किती दिवस लागतील? मी पट्टीवरचा आकडा वाचत म्हणालो, "आठ." त्यानं तो लिहून घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच मी ऑफिसात मोजलेला आकडा दिला होता.

टाय कशाला, हे मी त्या दिवशी फोनवर विचारून घेतलं. "नऊ वाजता मी कामावर असतो," ते म्हणाले, आणि बराच वेळ खोकले.

खोकला थांबल्यावर त्यांनी एकच गोष्ट परत परत बजावली. "गोठणारा दिवस असेल तर नऊ आणि दहा सारखेच. पण वितळणीच्या सकाळी नऊ आणि दहा हे दोन वेगळे दिवस असतात. त्या सकाळी उशीर नको."

शुक्रवारी दुपारी त्यांना न्यायला रुग्णवाहिका आली. आम्ही तिघं कुंपणापाशी मास्क लावून उभे. ते स्वतःच्या पायांनी चालत गेले, पण मध्ये दोनदा थांबले. फाटकाला त्यांनी एक प्लॅस्टिकची पिशवी अडकवली होती. तिच्यात वही, पट्टी, गुडघ्याची गादी आणि सासूबाईंची वाटी. आत चढल्यावर दार बंद होण्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहून दोन्ही हातांची मिळून नऊ बोटं वर केली. निरोप म्हणून लोक हात हलवतात. त्यांनी वेळ सांगितली.

"आता हे तुझ्यावर आहे," बायको म्हणाली. "चौतीस वर्षं. घोळ घालू नकोस."

शनिवारी मी नऊला पाच कमी असतानाच बागेत. आठ. रविवारी सात. आकडा मोबाइलवर त्यांना पाठवायचो. दोन निळ्या खुणा यायच्या, म्हणजे वाचला. एवढंच आमचं बोलणं. रविवारी रात्री वारा फिरला. सोमवारी सकाळी पन्हाळीतून टपटप ऐकू यायला लागली आणि मी साडेआठला एका मीटिंगला बसलो. ग्राहक मोठा, मी सादरीकरण करणारा. नऊ वाजून गेल्याचं मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. पण समोर अकरा चेहरे, आणि 'एक मिनिट, मला बर्फ मोजायचाय' हे वाक्य मला कुठल्याच भाषेत उच्चारवेना. वर शेवटी एकानं विचारलंच, की काम कधी संपेल? मी छातीठोकपणे अंदाज सांगितला.

बागेत पोचलो तेव्हा नऊ चाळीस झाले होते. बर्फाचा भात झाला होता. दहा ठिकाणी मोजला. पाच.

स्वयंपाकघराच्या टेबलावर वही उघडून बसलो. नऊ वाजता सहा असणार हे शेंबडं पोरही सांगेल. काल सात, आता पाच, मध्ये सहा. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि प्रकार ओळखला.

"लिही सहा," ती म्हणाली. "नऊ वाजता, सहा. कोणाला कळणार आहे? ते तिकडे ऑक्सिजनवर. त्यांना एका सेंटीमीटरसाठी आणखी त्रास द्यायचा आहे का?"

मुद्दा बिनतोड होता. शिवाय अंदाज हा माझा व्यवसाय. मी पेन टेकवलं, आणि तेवढ्यात नजर आठ ओळी वर गेली. शिऱ्याचा रविवार. शेऱ्यातल्या त्या तीन ओळी. त्या दिवसापासून मी त्या टाळत आलो होतो. म्हटलं, बघू तरी आपल्याला नेमकं काय म्हटलंय. फारच वाईट असेल तर खोटं लिहायला तेवढाच हुरूप येईल. लेक टोस्ट खात होती. तिच्यापुढे वही सरकवली.

तिनं वाचलं, एकदा हसली, मग डचमधून इंग्रजीत आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून चक्क मराठीत आली. "बाबा, असं लिहिलंय. 'फळी नऊच्या आधी साफ झाली. फळीवर अन्न, पिवळं, गरम. मापन शेजारच्या बागेत केलं. शेजाऱ्याला फळीबद्दल कधी सांगितलं नव्हतं. चूक निरीक्षकाची.'"

"निरीक्षक म्हणजे मी का?" मी आशेनं विचारलं.

"नाही बाबा. ते."

मी बायकोकडे पाहिलं. ती ओट्याकडे वळली. एखाद्या माणसानं शिवी घातली असती तर मी त्याच्या वहीत खुशाल खोटं लिहिलं असतं. पण यांनी माझा गाढवपणा स्वतःच्या नावावर लिहून ठेवला होता. मी लिहिलं: नऊ चाळीस. पाच. आणि शेऱ्यात लेकीकडून विचारून, माझ्या आयुष्यातलं पहिलं डच वाक्य: 'उशीर झाला. मीटिंगमध्ये होतो. चूक बदली निरीक्षकाची.' तेच खात्याला कळवलं आणि तेच त्यांना पाठवलं.

निळ्या खुणा आल्या नाहीत. त्या दिवशी नाहीत, दुसऱ्या दिवशी नाहीत. असे पाच दिवस गेले. बर्फ गेला, पाऊस आला. मी रोज नऊला पाऊस मोजत होतो आणि फोन बघत होतो. संदेश न उघडताच, पडद्यावर नऊ चाळीस दिसूनच त्यांचा धीर सुटला, असं मला वाटायला लागलं. बायकोनं त्या पाच दिवसांत तीनदा शिरा केला.

सहाव्या दिवशी खुणा निळ्या झाल्या. सगळ्या एकदम. खाली एकच शब्द: 'टाय?' मी तसाच वर गेलो, टाय बांधला आणि फोटो पाठवला. खाली बर्म्युडा होती, पण ती फोटोत येऊ दिली नाही.

तीन आठवड्यांनी ते घरी आले. कोट दोन मापं मोठा झाल्यासारखा दिसत होता. हिरवळीत जांभळी फुलं वर आली होती. त्यांनी ती पाहिली नाहीत. फळी सपाट आहे का ते पायानं चाचपलं, खुर्ची मागितली आणि वही मागितली. मी पट्टी, गादी, वाटीसकट अख्खी पिशवीच आणून दिली आणि माझ्या अंतरावर उभा राहिलो. त्यांचं बोट ओळीओळीनं खाली उतरत होतं. नऊ चाळीसवर येऊन थांबलं.

"खूप वाईट झालं," मी म्हणालो. "चौतीस वर्षांत पहिल्यांदा..."

"थांब." ते उठून घरात गेले. परत आले ते एक जुनी, पिवळी पडलेली वही घेऊन. आठव्या वर्षाची. पान त्यांना शोधावं लागलं नाही. वही तिथेच उघडली.

"हे वाच."

नऊ वाजता. सहा.

"त्या वर्षी कालवा गोठला होता," ते म्हणाले. "असा गोठतो कधीतरीच. आम्ही दोघं सातलाच स्केट्स घेऊन निघालो. तासाभरात परतायचं ठरलं होतं. पण बर्फ काचेसारखा, वारा पाठीवर, आणि तिनं माझा हात धरलेला. नऊ वाजले तेव्हा मी घरापासून वीस किलोमीटरवर होतो. मला माहीत होतं नऊ वाजलेत. मी घड्याळ पाहिलं होतं." त्यांनी पानाचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "अंधार पडल्यावर घरी आलो. मी वही घेऊन बसलो तर ती म्हणाली, लिही सहा. सहा छान दिसतो. कोणाला कळणार आहे?"

तीन मीटर छत्तीसवरून सांत्वन करता येत नाही, आणि हे सांत्वनाचं काम आहे की नाही हेही मला ठरवता येईना, कारण ते हसत होते.

त्यांनी खिशातून पेन काढलं. करवतीनं कापलेली ती पट्टी सहाच्या आकड्यावर आडवी ठेवली आणि एक सरळ रेघ मारली. शेऱ्यात हळूहळू काहीतरी लिहिलं. आता माझी डच भाषा एका वाक्यानं वाढली होती, त्यामुळे मला ते वाचता आलं: 'मोजलं नाही. चूक निरीक्षकाची.' मग किंचित विचार करून त्यांनी आणखी एक शब्द जोडला: 'स्केटिंग.'

"खात्याला कळवावं लागेल," ते म्हणाले. "नोंदीत एक खंड." ती जुनी वही मिटून त्यांनी मांडीवर ठेवली, तोंड उन्हाकडे केलं आणि डोळे मिटले. "पण सहाच असणार. बहुतेक."

बहुतेक हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि नंतर कधी ऐकला नाही. पुढे माझी नोकरी ब्रेडाला गेली आणि आम्ही ते घर सोडलं, तरी बर्फाची बातमी आली की त्यांचा फोन यायचा, तुमच्याकडे किती, आणि मी 'असेल तीन-चार' म्हटलं की फोन बंद व्हायचा.

त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. कालवा, स्केट्स, हात धरलेला, सहाचा आकडा आणि त्याच्यावरची रेघ. ती मटार सोलत होती. दोन-तीन शेंगा तिनं नुसत्याच हातात धरून ठेवल्या.

"लिही सहा म्हणाल्या त्या?"

"हो."

"शहाणी होती बाई." तिनं शेंग मोडली. "इतक्या वर्षांचं त्यांचं कसं छान साचलं होतं. म्हणजे तू दुसऱ्यांदा त्यांची फळी झाडून आलास." मग माझ्या रिकाम्या हातांकडे पाहून म्हणाली, "आणि वाटी याही वेळी तिथेच."